छतावरच्या सोलरचं अनुदान: पैसे कुठे अडकतात

केंद्र सरकारच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत घराच्या छतावर सोलर बसवायला पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तिसऱ्याला 18,000 मिळतात. 3 किलोवॅटच्या पुढे कितीही बसवा, घरगुती ग्राहकाला 78,000च.

मेख मोजणीत आहे. पॅनेलची एकूण क्षमता आणि इन्व्हर्टरची (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांतला कमी आकडा धरला जातो. 540 वॅटची पाचच पॅनेल आणि 3 किलोवॅटचा इन्व्हर्टर असेल, तर हिशेब 2.7 किलोवॅटचा, म्हणजे 72,600 रुपये. सहावं पॅनेल लावलं की पूर्ण 78,000. म्हणून कोटेशनमध्ये पॅनेलची संख्या आणि वॅट स्वतः गुणून बघाच. पॅनेलमधले सेलही भारतीय बनावटीचे हवेत; स्वस्तातलं आयात पॅनेल घेतलं तर अनुदान विसरा.

अर्जाआधी वीजबिल हातात घ्या. बिल वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल, तर आधी नाव बदलून घ्या. हे टाळलं तर अर्ज रखडू शकतो. मग योजनेच्या पोर्टलवर ग्राहक क्रमांकाने नोंदणी करा, तिथल्या यादीतलाच विक्रेता निवडा. काम झालं की नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारं मीटर) आणि तपासणी, त्यानंतर बँकेचा तपशील भरा. अनुदान थेट तुमच्या खात्यात येतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय ठेवा.

वीज कंपनी ढिलाई करत असेल तर पाठपुरावा जरूर करा. छतावरची सौर क्षमता वाढवल्याबद्दल वितरण कंपन्यांनाही प्रोत्साहन मिळतं, त्यासाठी 4,950 कोटींची तरतूद आहे.