थिंक टँकचा रिपोर्ट आला की आधी काय बघायचं

परवा साताऱ्यात आमच्या अभ्यासिकेत एकानं ऊसदरावरचा कुठल्यातरी थिंक टँकचा (म्हणजे धोरणांवर अभ्यास करून रिपोर्ट काढणाऱ्या संस्थेचा) रिपोर्ट ग्रुपवर टाकला, वर लिहिलं 'तज्ज्ञ म्हणतात', आणि चहा येईपर्यंत दोन गट पडले पण. हे तज्ज्ञ कुणाच्या ओसरीवर बसतात ते कुणीच बघितलं नाही.

तर मी काय करतो सांगतो. नावाच्या नादी लागू नका, फाउंडेशन, सेंटर, इन्स्टिट्यूट सगळी सारखीच गुळगुळीत (श्यामाप्रसाद मुखर्जी किंवा राजीव गांधी अशा नावाची असेल तर गोष्ट वेगळी, तिथं पाटीवरच पक्ष कळतो). सरळ वेबसाईटवर जाऊन संचालक मंडळ काढा, एकेक नाव सर्च करा, आधी कुठं होते, पुढं कुठं गेले. विवेकानंद इंटरनॅशनल फाउंडेशन 2009 ला सुरू झालं, पहिले संचालक अजित डोवाल, आणि 2014 ला तेच राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार. कळलं की नाही कल? अमेरिकेत तर हेरिटेज फाउंडेशन उजवं, केटो इन्स्टिट्यूट खुल्या बाजारवाली, ते स्वतःच सांगतात.

मग पैसा. वार्षिक अहवालात देणगीदार शोधा, यादीच नसेल तर तेवढ्यावरच शंका घ्या. ऑब्झर्व्हर रिसर्च फाउंडेशन 1990 ला रिलायन्सच्या पैशावर उभं राहिलं. पण पैसा दिला म्हणजे पेनही हातात घेतलं असं नसतं हां, आपल्या साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीतनं 1930 ला पुण्यात गोखले इन्स्टिट्यूट निघाली आणि तिथले पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढं प्रवरेच्या शेतकऱ्यांच्या सहकारी साखर कारखान्यामागं उभे राहिले.

आणि खरी मजा शब्दांत. साखर उद्योगाच्या नियमांवर केंद्रानं नेमलेल्या रंगराजन समितीनं 2012 ला सांगितलं की साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा शेतकऱ्याला द्या, म्हणजे दर बाजाराला जोडा. खुल्या बाजारवाले याला 'सुधारणा' म्हणणार, डावे म्हणणार भाव पडला की भुर्दंड शेतकऱ्यावर. दोन्ही बाजूंचे रिपोर्ट शेजारी ठेवा आणि कोण काय गाळतंय ते बघा, केंद्राच्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायची अट आहे ती कुठं आहे का ते शोधा.

त्या ग्रुपवरच्या रिपोर्टात मी शोधली. अट कुठंच नाही, थकबाकीवर अर्धं पान, तेही सगळं कारखान्यांच्या अडचणींचं.