मजुरी उजाडायच्या आत: ज्यू व्यवहारनियम पुण्याच्या घरात

सुरुवात मजुरीपासून करा, कारण ज्यू शास्त्र इथे फार कडक आहे. मजुराचे पैसे सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नका, असे तोरा, म्हणजे ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ, सांगते (लेवीय 19:13). मिश्नेने, म्हणजे ज्यू नियमांच्या जुन्या संग्रहाने, वेळाही ठरवून दिल्या: दिवसा राबणाऱ्याला दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, रात्रपाळीवाल्याला तो दिवस मावळायच्या आत. महिन्याची बोली दिवसा संपत असेल, तर सूर्यास्तापूर्वी.

रंगारी किंवा सुतार येणार असेल तर आदल्या दिवशीच रोख काढून ठेवा, सुट्ट्यांसकट. दर, वेळ, साहित्य कोणाचे, चहा-जेवण कोणाकडे, हे काम सुरू होण्यापूर्वी बोला. बोलणे झाले नसेल तर गावची रीत चालते. रीतीबाहेर लवकर बोलावणे किंवा उशिरापर्यंत थांबवणे मिश्नेला मान्य नाही.

कामवाल्या मावशींच्या बाबतीत घोळ तारखेचा होतो. महिना 1 तारखेला भरतो, आपला पगार 7 तारखेला येतो आणि त्यांचे पैसे तोवर अडकतात. बोलीच त्यांच्या संमतीने 7 ते 7 करा. खाडे आणि उचल त्यांच्यासमोर कॅलेंडरवर लिहा. मजुराने मागितले नाही तर मुदत मोडल्याचा दोष लागत नाही, अशी सवलत मिश्नेत आहे. ती घेऊ नका. मावशी बहुतेकदा संकोचानेच मागत नाहीत.

खरेदीत मिश्नेचा नियम असा: घ्यायचे नसताना भाव विचारू नये. विकणाऱ्याला खोटी आशा लागते आणि त्याचा वेळ जातो. लक्ष्मी रोडवर साड्या उलगडून बघायच्या आणि घ्यायची ऑनलाइन, हे यात बसत नाही. चार दुकाने बघून एकातून घेणार असाल तर हरकत नाही. तसे आधीच सांगा.

किमतीलाही मर्यादा आहे: बाजारभावाचा सहावा भाग. 600 रुपयांची वस्तू 700 ला विकली तर व्यवहार टिकतो, पण 100 परत करावे लागतात. 700 च्या वर घेतले तर सौदा मोडता येतो. फरक 100 पेक्षा कमी असेल तर तो चालवून घेतात. हा नियम गिऱ्हाइकालाही लागू आहे, म्हणून भाजीवालीची घासाघीस करताना तोच आकडा डोक्यात ठेवा.

घरून फराळ विकणाऱ्यांनी आणखी एक पाळावे: दर वजनानंतर पारडे पुसणे. चिकटलेला पाक पुढच्या गिऱ्हाइकाच्या वजनात धरला जातो. इलेक्ट्रॉनिक काटा असेल तर डबा ठेवून शून्य करा, मगच भरा.

आभार मानताना केलेले काम नाव घेऊन सांगा: 'गळती थांबली, ओटा कोरडा आहे.' ज्यांचे मराठी पुण्यातही नांदते ते बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू, नवस फेडताना किंवा शुभकार्यात मलिदा करतात: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओले खोबरे, वेलची, सुकामेवा, सोबत फळे. देवाचे आभार मानून, एलिया संदेष्ट्याचे स्मरण करून तो सर्वांना वाटला जातो. पोहे निथळले नाहीत तर लगदा होतो.

भेटल्यावर अभिवादन आपण आधी करावे, हे पिर्के अवोतमध्ये, म्हणजे मिश्नेतल्या नीतिवचनांच्या भागात, आहे. वॉचमन आणि घंटागाडीवाले यात आलेच. आमंत्रणाबाबत तालमूद, म्हणजे मिश्नेवरील चर्चेचा मोठा ग्रंथ, जास्त काटेकोर आहे. समोरचा जेवणार नाही हे ठाऊक असताना जेवायचा आग्रह करून त्याच्यावर उपकाराचे ओझे टाकायचे नाही. बोलवायचेच असेल तर वार आणि वेळ सांगून बोलवा.