ख्रिस्ती शिक्षणात पदव्युत्तर अभ्यास करताय? नाशिकच्या सेवकांनो, या चुका टाळा

आपल्या मंडळ्यांत उपदेश करणारे पुष्कळ आहेत, शिकवणारे मात्र थोडे. म्हणून शरणपूर, नाशिकरोड, देवळालीपासून पेठ-सुरगाण्यापर्यंतचा एखादा पाळक, सुवार्तिक किंवा शब्बाथ शाळा (मुलांची रविवारची बायबल शाळा) सांभाळणारी भगिनी ख्रिस्ती शिक्षणात, म्हणजे मंडळीत शिकवण्याच्या विषयात, पुढचा अभ्यास करायचा म्हणते, तेव्हा मनापासून आनंद होतो. हा अभ्यास वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे.

आधी फी, मग चौकशी

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मोबाइलवर जाहिरात येते, घरबसल्या काही महिन्यांत ‘मास्टर्स’, थोडे जास्त भरले तर ‘डॉक्टरेट’. माणूस फी भरतो, झगा घालून फोटो काढतो, नावामागे ‘डॉ.’ लावतो. मग चांगल्या सेमिनरीत (धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात) पुढच्या प्रवेशाला गेला की ती पदवी बाजूला ठेवली जाते.

मान्यतेच्या वाटा समजून घ्या. बंगालमधले सेरामपूर कॉलेज केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये सुरू केले. १८२७ मध्ये त्याला डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने धर्मशास्त्राच्या पदव्यांचा कारभार तिथल्या सिनेटकडे आला. बी.डी. (धर्मशास्त्राची पदवी), एम.टीएच. (त्यावरची पदव्युत्तर पदवी) या पदव्या देशभरातल्या संलग्न सेमिनऱ्यांमधून याच सिनेटमार्फत मिळतात. दुसरी वाट एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची. १९७० साली सुरू झालेली ही संस्था सेमिनऱ्यांचा दर्जा तपासते आणि एम.डिव. (सेवेच्या तयारीची पदव्युत्तर पदवी), एम.ए. असे अभ्यासक्रम प्रमाणित करते. मंडळ्यांच्या आणि सेमिनऱ्यांच्या जगात या प्रमाणपत्राला किंमत आहे, पण ही संस्था विद्यापीठ नव्हे. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना आणि तशी परवानगी असलेल्या संस्थांनाच आहे. म्हणजे एखादा अभ्यासक्रम सेवेसाठी उत्तम असू शकतो आणि सरकारी नोकरीसाठी निरुपयोगीही. तुम्हाला तो कशासाठी हवा आहे, ते आधी ठरवा.

तीन प्रश्न लेखी विचारा आणि उत्तरेही लेखी घ्या. पदवी नेमकी कोण देणार? माझी मंडळी किंवा धर्मप्रांत दीक्षेसाठी, नेमणुकीसाठी ती धरतो का? आणि या पदवीवर पुढे एम.टीएच. किंवा पीएच.डी. करता येईल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सेमिनरीकडून घेऊ नका, ते बिशप कार्यालयात किंवा तुमच्या संस्थेच्या मुख्यालयातच मिळते.

आधीच अडकला असाल तर घाबरून सगळे सोडू नका. विषयवार गुणपत्रक आणि अभ्यासक्रमाची प्रत मागून घ्या आणि एखादी मान्यताप्राप्त सेमिनरी त्यातले काही श्रेयांक धरते का, हे पत्राने विचारा. धरत नसेल तर पुढचा हप्ता भरू नका.

याच ओघात एक गैरसमज. ‘ख्रिस्ती शिक्षण’ हे नाव ऐकून काहींना वाटते की या पदवीवर मिशन शाळेत शिक्षकाची जागा मिळेल. नाही मिळत. त्यासाठी बी.एड.सारखी, एनसीटीईने (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने) मान्य केलेल्या संस्थेतली शिक्षक-पात्रता लागते. हा अभ्यास मंडळीत शिकवण्याचा आहे.

पाया नसताना वरचा मजला

बी.डी. किंवा एम.डिव.ला साधारणपणे कुठल्या तरी शाखेची पदवी लागते, एम.टीएच.ला बी.डी. लागते. अनेक अनुभवी सेवक बारावीवर थांबलेले असतात आणि मग आडवाट शोधतात. नाशिककरांना तर आडवाटेची गरजच नाही. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या बाजूला आहे. सेवा सांभाळून, मराठीतून बी.ए. करता येते. तीन वर्षे जातील, पण ती पदवी कोणी नाकारणार नाही.

उपदेश आणि शिक्षण एकच समजणे

इथे जरा थांबतो, कारण चांगले, तळमळीचे सेवक इथेच चुकतात. ते वर्गात पंचेचाळीस मिनिटे बोलतात, सगळे माना डोलावतात, आणि शिकवून झाले असे वाटते. पुढच्या रविवारी विचारा, काय आठवते? गाणे आठवते, एखादी गोष्ट आठवते, मुद्दा आठवत नाही.

पवित्र शास्त्रातच शिकवण्याची वेगळी रीत दिसते. नहेम्या ८ मध्ये नियमशास्त्र वाचले जाते आणि लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, जमलेल्यांना त्याचा अर्थ समजावून देतात, लोकांना कळेपर्यंत. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटलेला प्रभू आधी विचारतो, ऐकून घेतो, मग शास्त्र उलगडतो. अनुवाद ६ तर घरात बसताना, वाटेने चालताना मुलांशी बोलायला सांगते. प्रौढ माणूस आपल्या अनुभवाला जोडून शिकतो, लहान मूल हाताने करून शिकते, हे आजचे शिक्षणशास्त्र सांगते ते याला सोडून नाही. म्हणून मानसशास्त्राचे किंवा पाठनियोजनाचे पेपर ‘जगाचे ज्ञान’ म्हणून उरकू नका. माझ्या मते या पदवीतले सगळ्यात कामाचे पेपर तेच आहेत.

उपाय साधा आहे. प्रत्येक विषय शिकताना त्याच आठवड्यात आपल्या शब्बाथ शाळेत किंवा तरुण संघात एक पाठ बदलून पाहा. पाठाआधी लिहा, तासाच्या शेवटी मुलाला नेमके काय करता यावे. ‘विश्वास वाढावा’ असे लिहू नका, ते मोजता येत नाही. ‘उधळ्या पुत्राची गोष्ट थोरल्या भावाच्या बाजूने सांगता यावी’ असे लिहा.

इंग्रजीत शिकून इंग्रजीतच ठेवणे

सेमिनरीतली पुस्तके आणि निबंध बहुधा इंग्रजी, आणि मंडळी मराठी, कोकणा, भिल्ली बोलणारी. निबंधाला चांगले गुण मिळतात, पण महिला मंडळात तोच विषय मांडताना जीभ अडखळते. इंग्रजी वाचन जड जात असेल तर प्रत्येक प्रकरणाचा सार त्याच रात्री मराठीत एका पानावर लिहा. निबंध त्या पानांवरून बांधा. यंत्राने भाषांतर करून उतरवलेला निबंध पकडला जातो, आणि शिकणेही होत नाही.

आपल्याजवळ वारसा मोठा आहे. गोव्यातले मिशनरी फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापले, ते नव्या विश्वासणाऱ्यांना त्यांच्या ओळखीच्या चालीत शिकवण्यासाठीच. नारायण वामन टिळकांनी कीर्तन आणि भजन मंडळीत आणले. यांचा शिक्षणपद्धती म्हणून अभ्यास करा. परदेशी संडे स्कूलचा साचा पुन्हा मांडण्यापेक्षा हे काम कितीतरी मोलाचे ठरेल.

वेळापत्रक आणि प्रबंध

पुण्यातल्या सेमिनऱ्या नाशिकपासून दोनशे किलोमीटरच्या पुढे आहेत, तेव्हा ‘शनिवारी जाऊन येईन’ हे दोन महिन्यांत कोसळते. नाताळ, उपवासकाळ आणि मे महिन्यातली सुटीची बायबल शाळा कॅलेंडरवर आधी मांडा, मगच पेपर निवडा. किती दिवस मोकळीक मिळेल हे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीकडून ठरावात लिहून घ्या, कारण तोंडी होकार कमिटी बदलली की विसरला जातो.

प्रबंधाचा विषय आटोपशीर घ्या. ‘महाराष्ट्रातील ख्रिस्ती तरुण’ हा विषय कधीच संपणार नाही. ‘द्राक्षबागांच्या हंगामात कामाला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या कुटुंबांतील मुलांचे शब्बाथ शाळेतील शिक्षण’ हा संपेल, आणि दिंडोरीच्या मंडळीला उपयोगीही पडेल. मुलांशी बोलणार असाल तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलाखत एकांतात न घेता दुसऱ्या प्रौढाच्या नजरेसमोर घ्या. बोलताना लैंगिक अत्याचाराची गोष्ट कळली तर २०१२ च्या पॉक्सो (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) कायद्याने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ती मंडळीतल्या मंडळीत मिटवता येत नाही.

मार्गदर्शक उत्तर देत नसतील तर संपूर्ण प्रकरण पाठवून वाट पाहत बसू नका. दोन पाने आणि एकच नेमका प्रश्न पाठवा. त्याला उत्तर लवकर येते.