गूगल डॉक्समध्ये रेषा मारताना या चुका टाळा

शाळेची प्रश्नपत्रिका असो, सोसायटीची नोटीस असो नाहीतर कुणाचा बायोडेटा, गूगल डॉक्समध्ये मजकूर पटकन टाइप होतो, खरा वेळ खातात त्या रेषा. हेडिंगखालची रेष, सहीची रेष, उत्तरं लिहायच्या रेषा. आपल्या स्क्रीनवर सगळं सरळ दिसतं आणि दुसऱ्याने फाइल उघडून दोन शब्द बदलले की सगळं हललं, मग परत स्पेस मारत बसा. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, ती रेष कशालाच बांधलेली नसते, नुसती टाइप केलेली असते किंवा वर आणून ठेवलेली असते.

पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे अंडरस्कोरचं बटण दाबून धरायचं आणि रेष काढायची. डॉक्सच्या दृष्टीने ती रेष नाहीच, ती अक्षरं आहेत. फॉन्ट बदलला की लांबी बदलते, साइज वाढवली की रेषेचा तुकडा खालच्या ओळीत जातो, आणि कुणी त्या रेषेवर नाव टाइप करायला गेलं की रेष पुढे सरकते. डॅश आणि बरोबरचं चिन्ह वापरून केलेल्या रेषांचंही तेच.

पूर्ण रुंदीची साधी रेष हवी असेल तर इन्सर्टमध्ये जाऊन हॉरिझॉन्टल लाइन घ्या, काम झालं. मोबाइल ॲपमध्येही वरच्या प्लसच्या चिन्हात ती मिळते. पण जाडी, रंग, तुटक रेष असं काही हवं असेल तर तिच्या मागे लागू नका, त्यासाठी कम्प्युटरवर फॉरमॅट, मग पॅराग्राफ स्टाइल्स, मग बॉर्डर्स अँड शेडिंग. हेडिंगच्या ओळीत कर्सर ठेवायचा, फक्त बॉटम निवडायचं, जाडी १ किंवा १.५ पॉइंट ठेवायची आणि खाली पॅराग्राफ पॅडिंग असतं त्यात थोडी जागा द्यायची. हेडिंग वरखाली गेलं तरी रेष त्याच्यासोबतच जाते. मराठीत तर मी हेडिंगला अंडरलाइन करूच नका असं म्हणेन, कारण अंडरलाइन उकार आणि जोडाक्षरांच्या खालच्या भागावरून जाते आणि "सूचना" किंवा "गुणपत्रिका" सारखा शब्द खालून खोडल्यासारखा दिसतो. बॉर्डर उकाराच्या खाली मोकळी राहते.

आता बॉर्डर लावल्यावर लोक हमखास अडकतात ती जागा. हेडिंगला बॉटम बॉर्डर दिली, शेवटी एंटर मारला आणि रेष हेडिंगखालून निघून नव्या ओळीखाली गेली. फाइल बिघडलेली नाहीये, नव्या परिच्छेदाने आधीच्याची बॉर्डर उचलली आणि सारखी बॉर्डर असलेले लागोपाठचे परिच्छेद डॉक्स एकच ठोकळा धरतं, म्हणून रेष ठोकळ्याच्या तळाला दिसते. सोपा उपाय म्हणजे आधी खालची ओळ टाइप करून ठेवायची आणि नंतर वर येऊन हेडिंगला बॉर्डर द्यायची. आधीच घोळ झाला असेल तर खालच्या ओळीत कर्सर ठेवून त्याच खिडकीत बॉटम काढून टाका.

हीच गोष्ट प्रश्नपत्रिका करणाऱ्यांना उपयोगी पडते. उत्तरासाठी चार रेषा पाहिजेत म्हणून चार रिकाम्या ओळी सिलेक्ट करून बॉटम दिलं तर फक्त शेवटचीच रेष दिसते. तिथे बॉटमसोबत बिट्वीन पण निवडायचं, की प्रत्येक ओळीखाली रेष येते. मग लाइन स्पेसिंग वाढवा, लहान मुलांसाठी २ ठेवलं तर त्यांचं अक्षर मावतं.

गुण उजवीकडे नेताना स्पेस मारू नका. "प्र. १ रिकाम्या जागा भरा" आणि पलीकडे "गुण ५" हे प्रत्येक प्रश्नात वेगळ्या जागी उभं राहतं ते त्याच्यामुळेच. व्ह्यूमधून रुलर चालू करा, सगळे प्रश्न सिलेक्ट करा, रुलरवर उजवीकडे क्लिक करून ॲड राइट टॅब-स्टॉप घ्या, आणि गुणांच्या आधी फक्त एकदा टॅब दाबा. अगदी मार्जिनच्या टोकावर क्लिक केलं तर इंडेंटचा निळा त्रिकोण हातात येतो, म्हणून किंचित आत क्लिक करा.

सहीच्या जागेला मात्र टेबलच. अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशा तीन सह्या असतील तर एक ओळ तीन कॉलमचं टेबल घ्या आणि पदं मध्यभागी लिहा. टेबल प्रॉपर्टीजमध्ये बॉर्डर ० पॉइंट करा आणि त्यानंतर फक्त वरची बॉर्डर निवडून तिला १ पॉइंट द्या. क्रम उलटा केला तर वरची रेषही पुसली जाते. तिन्ही रेषा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये दोन अरुंद रिकामे कॉलम टाका आणि त्यांच्यावर रेष देऊ नका, म्हणजे टेबल पाच कॉलमचं होईल. थोडी मेहनत आहे पण एकदा केलं की दरवर्षीच्या नोटिशीला तेच चालतं.

ड्रॉइंगमधून रेष काढणं मी शेवटचा पर्याय धरते. तिरकी रेष किंवा बाण हवा असेल तर ठीक, इन्सर्ट, ड्रॉइंग, न्यू, आणि सरळ रेषेसाठी शिफ्ट दाबून धरून ओढायचं. पण टाकल्यावर ती इन लाइन, म्हणजे मजकुरासोबत सरकणारी ठेवा, इन फ्रंट ऑफ टेक्स्ट करून मोकळी सोडली आणि पानाला फिक्स केली की मजकूर सरकतो आणि रेष जागच्या जागी राहून भलत्याच वाक्यावरून जाते. शिवाय मोबाइलवरून ती एडिट होत नाही, आणि नोटीस दुरुस्त करणारे बरेच जण मोबाइलवरच असतात.

दोन कॉलमच्या मधली उभी रेष ड्रॉइंगने काढू नका, फॉरमॅट, कॉलम्स, मोअर ऑप्शन्स इथे लाइन बिट्वीन कॉलम्सची टिक आहे. कॉलम दिसतच नसतील, हेडरही गायब असेल तर फाइल पेजलेस, म्हणजे पानं न पाडणाऱ्या मोडमध्ये आहे, पेज सेटअपमधून पेजेस करा.

नवीन पानासाठी एंटर-एंटर नको, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबा. कुणाच्या फाइलमध्ये काय काय दडलंय ते बघायला व्ह्यूमध्ये शो नॉन-प्रिंटिंग कॅरेक्टर्स चालू करा, सगळ्या स्पेस, टॅब, एंटर डोळ्यासमोर येतात आणि निम्मा प्रॉब्लेम तिथेच कळतो.

आणि हे सगळं करायच्या आधी दोन गोष्टी ठरवून टाका. पेज सेटअपमध्ये कागद ए४ आहे का ते बघा, बऱ्याचदा तिथे लेटर असतं, जे ए४ पेक्षा थोडं रुंद आणि साधारण पावणेदोन सेंटिमीटर कमी उंच असतं, मग नंतर ए४ केलं की पानं कुठे तुटतात ते बदलतं. दुसरं म्हणजे फॉन्ट. एरियलमध्ये देवनागरी अक्षरं नाहीत, त्यामुळे मराठी दुसऱ्याच फॉन्टमध्ये दिसतं आणि ओळींची उंची त्यावर ठरते. मोअर फॉन्ट्समध्ये स्क्रिप्ट देवनागरी करून मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी आधीच निवडा. रेषा त्यानंतर. पाठवताना एडिट करायची गरज नसेल तर डाउनलोडमधून पीडीएफ करून तेच पाठवा, आणि पाठवण्याआधी ती पीडीएफ एकदा मोबाइलवर उघडून सहीच्या रेषा एकाच पानावर आल्यात ना ते बघा.