व्हीसेंटर बंद करण्याआधी त्याचे अलार्म वहीत उतरवा

चाकणच्या एका कारखान्याची सर्व्हर रूम मी सांभाळते. तीन होस्ट (प्रत्यक्ष सर्व्हर), त्यांवर चौतीस व्हीएम, म्हणजे आभासी मशीन. व्हीएम चालवणारं आमचं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतली, कायमस्वरूपी लायसन्स मिळायची बंद झाली आणि आम्ही प्रॉक्समॉक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर जायचं ठरवलं. व्हीएम हलवणं जड गेलं नाही, प्रॉक्समॉक्स ८.२ पासून ईएसएक्सआयवरून (व्हीएमवेअरचं होस्टवरचं सॉफ्टवेअर) थेट इम्पोर्ट होतं. निम्मे व्हीएम हलले होते तेव्हाची एक शनिवारची रात्र मात्र विसरत नाही. नवा थिन पूल (व्हीएमच्या डिस्कना लागेल तशी जागा देणारा साठा) काठोकाठ भरला, अकरा व्हीएमचं डिस्कवर लिहिणं थांबलं आणि मोबाइलवर एकही मेसेज नाही. शिफ्ट सुपरवायझरचा फोन आला तेव्हा कळलं.

व्हीसेंटरमध्ये (व्हीएमवेअरचे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर) डेटास्टोअर, म्हणजे व्हीएमच्या डिस्कचा साठा, ७५ टक्के भरला की पिवळा आणि ८५ ला लाल अलार्म मुळातच असतो. आधीच्या माणसाने त्याला मेल जोडून ठेवला होता. आमच्यापैकी कुणी तो लावलेला नव्हता, म्हणून नव्या ठिकाणी लावायचा आहे हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. प्रॉक्समॉक्सची नोटिफिकेशन्स घटना घडली की जातात: बॅकअप फसला, रेप्लिकेशन (दुसऱ्या होस्टवर प्रत ठेवणं) अडलं, नोड फेन्स झाला (बिघडलेला होस्ट सक्तीने बाजूला काढला). पूल किती टक्के भरलाय याची राखण ती करत नाहीत. त्यासाठी प्रोमिथियस किंवा झॅबिक्ससारखं देखरेखीचं सॉफ्टवेअर वेगळं उभं करावं लागतं, आणि तेही पहिला व्हीएम हलवण्याआधी.

तेव्हा आधी व्हीसेंटरमधले अलार्म एकेक करून वहीत उतरवा. कुठले खरोखर वाजतात ते बघायला मेलबॉक्सही चाळा, कारण व्हीसेंटर इव्हेंट मुळात तीसच दिवस ठेवतं.

आम्ही प्रोमिथियस घेतलं. प्रॉक्समॉक्सच्या एक्स्पोर्टरला (त्याचे आकडे प्रोमिथियसला देणारा प्रोग्राम) पीव्हीईऑडिटर रोलचं टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) पुरतं, त्याला फक्त वाचता येतं. प्रिव्हिलेज सेपरेशन (टोकनचे हक्क युजरपेक्षा वेगळे ठेवणं) चालू असेल तर रोल युजरबरोबर टोकनलाही द्या, नाहीतर आकडेच येत नाहीत.

थिन पूलचे दोन आकडे असतात, डेटा आणि मेटाडेटा (कुठली जागा कुणाची याची नोंद). दुसरा भरला तरी पूल अडकतो. एलव्हीएस कमांड दोन्ही दाखवते. मी दर पाच मिनिटांनी ते नोड एक्स्पोर्टरच्या (होस्टचे आकडे प्रोमिथियसला देणारा प्रोग्राम) टेक्स्टफाइलमध्ये टाकते आणि ७० टक्क्यांनाच मेसेज मागते. व्हीएमच्या डिस्कवर डिस्कार्ड हा पर्याय चालू करून गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतल्या सिस्टिममध्ये) एफएसट्रिम कमांड लावा, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा पूलला परत मिळते. ती परत न मिळाल्यानेच आमचा पूल भरला होता.

व्हीएमच्या आतलं: हलवण्याआधी व्हीएमवेअर टूल्स काढा, नंतर क्यूईएमयू गेस्ट एजंट (त्याच कामाचा प्रॉक्समॉक्सकडचा प्रोग्राम) घाला. ऑप्शन्समध्ये एजंट चालू केल्यावर व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा; आतून रीबूट केल्याने तो बदल लागत नाही. आणि प्रॉक्समॉक्सच्या 'रनिंग'वर विसंबू नका. आतला कर्नल पडला तरी बाहेर 'रनिंग'च दिसू शकतं. ईआरपीचा (कारखान्याचा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) पोर्ट बाहेरून तपासत राहा, तोच खरा.

लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं. आमच्याकडे ईएनएस१९२ चं ईएनएस१८ झालं. अलर्टच्या नियमात जुनं नाव होतं. त्या नावाचा डेटाच येईना, आणि डेटा नसला की नियम वाजत नाही. ग्राफ रिकामा, अलर्ट गप्प. अशा प्रत्येक नियमाला जोडून 'डेटा आलाच नाही' असा दुसरा नियम प्रोमिथियसच्या ॲबसेंट फंक्शनने लिहा.

प्रोमिथियस त्याच क्लस्टरवर, म्हणजे व्हीएमच्याच होस्टवर, ठेवू नका. आमचं एका जुन्या डेस्कटॉपवर चालतं.

मग एक रविवार काढा. टेस्ट व्हीएमची डिस्क डीडी कमांडने भरा, बॅकअप मुद्दाम फसवा, एका होस्टची नेटवर्क केबल काढा. मोबाइल वाजला तरच वहीतल्या त्या ओळीवर टिक करा. आमच्या सतरा ओळींपैकी तीन पहिल्या रविवारी वाजल्या नाहीत. त्या वाजेपर्यंत आम्ही व्हीसेंटर आणखी पंधरा दिवस चालू ठेवलं.