आधी चार्ज द्यावा, मग घरी जावे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कोणत्याही कारखान्यात पाळी बदलण्याच्या वेळी दहा मिनिटे उभे राहिले, तर एक रीत पाहायला मिळते. जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला सांगतो की जॉब कोणता चालू आहे, कोणत्या टूलची धार गेली आहे, शेवटचा तुकडा मापात होता की नाही. मग तो लॉगबुकात दोन ओळी लिहितो, सही करतो, हात धुतो आणि निघतो. याला आपण चार्ज देणे म्हणतो. मेंटेनन्स, टूलिंग, डिझाइन किंवा क्वालिटीत जनरल शिफ्ट करणाऱ्या माणसाकडून मात्र चार्ज घ्यायला कोणी येत नाही. त्याचा प्रश्न उद्याही त्याचाच असतो, आणि म्हणून तो हेल्मेटखाली बसून शहापूर-वडगावपर्यंत येतो, ताटावर बसतो आणि रात्री अंथरुणातही शिरतो. बेळगावात घरी बसून पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचे काम करणाऱ्या प्रोग्रामरला तर एवढा रस्ताही मिळत नाही. अशा माणसाने कामावरून उठताना उद्याच्या स्वतःला रीतसर चार्ज कसा द्यावा, हे मी माझ्या अनुभवातून येथे लिहीत आहे.

अर्धवट राहिलेले काम मनात घोळत राहते, हे निरीक्षण जुने आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की मध्येच थांबवलेली कामे लोकांना पूर्ण केलेल्या कामांपेक्षा अधिक आठवतात. नंतरच्या सर्वच प्रयोगांत हा निष्कर्ष तसाच्या तसा आला नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या उपयोगाचा शोध त्याहून अलीकडचा आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकी संशोधकांनी २०११ साली दाखवले की अपुऱ्या कामाचे विचार थांबण्यासाठी ते काम पूर्ण करावेच लागते असे नाही. ते केव्हा, कोठे आणि कसे करायचे याची नेमकी योजना ठरली, तरी मन बऱ्याच अंशी मोकळे होते. येथे सारा भर ‘नेमकी’ या शब्दावर आहे. ‘उद्या बघू’ ही योजना नव्हे, आणि मन त्याला फसत नाही.

म्हणून सुटण्यापूर्वीची शेवटची पंधरा मिनिटे या लिखाणासाठी राखून ठेवावीत. ती पंधरा मिनिटे मिळत नाहीत अशी तक्रार मीही पुष्कळ वर्षे केली. पण रात्री दोन तास छताकडे पाहत जाणारा वेळ हिशेबात धरला, तर सौदा वाईट नाही. या वेळात नवीन काहीही तपासायला घेऊ नये. ‘जाता जाता एकदा हे पाहतो’ म्हणून पॅनेल उघडले की संध्याकाळ गेली असे समजावे. साध्या वहीत आधी काय घडते आहे ते मोजमापासह लिहावे, मग कोणत्या शक्यता तपासून बाद केल्या ते लिहावे, त्यानंतर उरलेला संशय लिहावा आणि शेवटी उद्याची पहिली कृती लिहावी. ही पहिली कृती इतकी लहान आणि स्पष्ट असावी की झोपाळलेल्या माणसालाही ती वाचून हात घालता यावा. मशीनच्या फिरत्या दांड्याबद्दल ‘स्पिंडलचा आवाज पाहणे’ असे लिहिण्यापेक्षा ‘आठ वाजता, मशीन गार असताना, टूल न लावता स्पिंडल पाच मिनिटे फिरवून पुढच्या बेअरिंगपाशी हात लावून पाहणे’ असे लिहावे. प्रोग्रामरनेही ‘तो बग पाहणे’ असे लिहून उठू नये. अयशस्वी होणारी एक चाचणी लिहून तशीच ठेवावी आणि उद्या कोणत्या फंक्शनपासून सुरुवात करायची ते तिच्या शेजारी टिपून ठेवावे.

या लिखाणाचा एक लाभ मला अनपेक्षितपणे झाला. आमच्याकडे हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बीडाच्या बॉडीला होनिंग होते, म्हणजे तिचे आतले भोक (बोअर) स्टोनने घासून मापात आणतात, आणि त्यात दोन-चार मायक्रॉनचाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचाही, हिशेब असतो. मशीनवर मापात ठरलेल्या काही बॉडी दुसऱ्या दिवशी अंतिम तपासणीत दोनेक मायक्रॉन लहान भरत होत्या. होनिंगचे स्टोन बदलले, तुकडा धरणारे फिक्श्चर पाहिले, बोअर मोजणारे एअर गेज ठरलेल्या मापाच्या मास्टर रिंगवर लावून तपासले, आणि तीन रात्री मी हेच करत अंथरुणात पडलो होतो. चौथ्या संध्याकाळी बाद केलेल्या शक्यता ओळीने लिहिताना एक जागा रिकामी राहिली: तुकडा मशीनवरून काढल्यावर किती वेळाने मोजला जातो, याची नोंद कोणाकडेच नव्हती. बीडाचा २० मिलिमीटरचा बोअर तापमान १० अंशांनी उतरले तर सुमारे २ मायक्रॉनने आकसतो, हे गणित मला कॉलेजपासून येत होते. विचार करताना ते सुचले नाही, कारण विचार करणारा माणूस त्याच तीन शक्यतांभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरत होता. ‘उद्या पाच तुकडे काढल्याबरोबर आणि पुन्हा तासाभराने मोजणे’ एवढे लिहून मी घरी गेलो. उत्तर सकाळी मिळाले. पण त्या रात्री, उत्तर हाती नसतानाही, मी झोपलो होतो, आणि माझ्या दृष्टीने तीच मोठी गोष्ट आहे.

वही कोणत्या भाषेत लिहावी, हा प्रश्न आपल्या भागात गमतीचा वाटला तरी फुटकळ नाही. शॉपफ्लोअरवर कन्नड, मराठी आणि हिंदी एका वाक्यात नांदतात, लॉगबुक इंग्रजीत असते आणि मेल तर इंग्रजीतच जातो. कंपनीचे कागद ज्या भाषेत हवे त्या भाषेत जावेत. ही वही मात्र आपण मनात ज्या भाषेत चरफडतो त्या भाषेत लिहावी. ‘रूट कॉज अंडर इन्व्हेस्टिगेशन’ असे लिहिताना स्वतःला काहीच कळलेले नाही हे सहज झाकले जाते. ‘मला कळेनासे झाले आहे, आणि मला भीती आहे ती फिक्श्चरची’ असे लिहिले की काय तपासायचे ते उघडे पडते.

दुसऱ्या जातीची काळजी या लिखाणाने जात नाही. प्रश्न सुटला की नाही यापेक्षा ‘मी ते केले की नाही’ ही ती शंका असते: ऑफसेट (टूलच्या मापात केलेली दुरुस्ती) परत पूर्वीसारखा ठेवला का, एअरचा मेन व्हॉल्व्ह बंद केला का, सर्व्हरवर बॅकअप सुरू केला का. यावर जपानी रेल्वे कर्मचाऱ्यांची पद्धत घ्यावी. ते सिग्नलकडे किंवा मीटरकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात, त्यामुळे डोळा, हात, तोंड आणि कान एकाच कृतीला साक्षी राहतात. निघताना तीन-चार ठरलेल्या जागांसमोर उभे राहून ‘एअर बंद’, ‘ऑफसेट शून्य’ असे बोट दाखवून म्हणावे. पहिल्या आठवड्यात शेजारचा ऑपरेटर हसतो. नंतर तोही तसेच करू लागतो.

मोबाइलचा बंदोबस्त कारखान्यातच करावा लागतो, घरी पोहोचल्यावर तो होत नाही. माझ्या अनुभवात खरा त्रास रात्रीच्या फोनपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपचा असतो, कारण त्यात मशीन बंद पडल्याची बातमी आणि ‘गुड नाइट’चे फूल एकाच आवाजात येऊन पडतात, आणि दर वेळी आपल्याला पाहावेच लागते. सुपरवायझर आणि साहेब यांच्याशी बोलून एक साधा नियम करून घ्यावा: मशीन बंद असेल, कोणाला इजा झाली असेल किंवा माल अडला असेल, तर फोन करावा; बाकीचे सर्व ग्रुपवर टाकावे आणि ते सकाळी पाहिले जाईल. नियम पाळला जाईल अशी खात्री पटली की ग्रुप मूक करण्याचे धैर्य येते. ज्यांची रात्रीच्या ब्रेकडाउनची पाळी ठरलेली आहे, त्यांनी त्या रात्री सुटका मिळणार नाही हे मान्य करून इतर रात्री तरी पक्क्या वाटून घ्याव्यात.

रस्त्याचा उपयोग करून घ्यावा. टिळकवाडीच्या फाटकावर गाडी थांबली की हात आपोआप मोबाइलकडे जातो. तो खिशातच ठेवावा आणि इंजिन बंद करून रेल्वेचे डबे मोजावेत, हे मी गंभीरपणे सांगतो आहे. जुलैत बेळगावचा पाऊस रेनकोटला जुमानत नाही, तेव्हा तर हा भाग आपोआप साधतो.

घरी आल्यावर काय करावे, याबद्दल ‘आराम करावा’ एवढा सल्ला अपुरा आहे. साबीने झोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७ साली कामानंतर शीण घालवणाऱ्या चार गोष्टी वेगळ्या काढल्या: कामापासून मनाने दूर होणे, विसावा, काहीतरी नवे शिकून त्यात हात बसवणे आणि आपला वेळ आपल्या ताब्यात असणे. तांत्रिक कामाच्या माणसाला विसाव्यापेक्षा तिसरी गोष्ट अधिक लागू पडते, असे माझे मत आहे. टीव्हीसमोर बसलेल्या डोक्याला मशीनचा विचार करायला भरपूर जागा उरते. येळ्ळूर, कंग्राळी, सांबरा अशा गावांतली भजनी मंडळे याबाबतीत फार उपयोगी आहेत. पखवाज शिकणाऱ्याला किंवा टाळ धरणाऱ्याला लय सोडून स्पिंडलचा विचार करताच येत नाही, कारण चूक लगेच सर्वांना ऐकू जाते. शटल, कॅरम, मुलाला भूमिती शिकवणे, यांतले जे हातांना आणि लक्षाला एकदम गुंतवते ते चालेल. शेतीबद्दल मात्र सावध राहावे: भाताची लावणी अंग दमवते आणि झोपही आणते, पण ज्याच्या पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर दर आठवड्याला जळतो त्याच्यासाठी शेत म्हणजे दुसरी मेंटेनन्सची पाळीच असते.

घरच्या माणसांना काही सांगावे की नाही? दोन वाक्ये सांगावीत आणि थांबावे. ‘एक काम अडले आहे, उद्या आठ वाजता त्याला हात घालणार आहे’ एवढे कळले की आपल्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांना स्वतःवर ओढून घ्यावा लागत नाही. मी एकदा याहून जास्त सांगू लागलो, तेव्हा घरातून उत्तर आले, “अहो, मशीनला काय ते उद्या विचारा, आता आमटी निवायला लागली.”

घरातूनच काम करणाऱ्यांना उंबरठा स्वतः बांधावा लागतो. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात, त्यामुळे परदेशी ग्राहकांचे काम असेल तर दिवसाला शेवटच उरत नाही. अशांनी शेवटच्या कॉलची वेळ ठरवून घ्यावी, वही लिहावी, लॅपटॉप कपाटात ठेवून दार लावावे आणि चपला घालून नाक्यापर्यंत चहाला का होईना, बाहेर पडावे. टेबलावर झाकून ठेवलेला लॅपटॉप हा चालूच असतो.

झोपतानाही विचार आला, तर उशाशी कागद ठेवावा. टेक्सासमधील बेलर विद्यापीठात २०१८ साली ५७ तरुणांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणारे, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे ९ मिनिटे लवकर झोपले, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर आली. रात्री तीन वाजता सुचलेली कल्पना एका ओळीत लिहावी. मोबाइलवर लिहू नये, कारण तेथे ग्रुप वाट पाहत असतो.

चूक आपल्या माथी मारली जाईल ही भीती, नोकरीची अनिश्चितता किंवा वरिष्ठांचा जाच हे कारण असेल, तर वरीलपैकी काहीच पुरणार नाही, कारण तेथे उद्या आठ वाजता करण्यासारखी पहिली कृती मशीनवर नसते. ती एखाद्या माणसाशी बोलण्याची असते. दोन-तीन आठवडे झोपच लागत नसेल, जेवण उतरत नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जावे. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे कन्नडप्रमाणे मराठीतही बोलता येते.

आता सकाळ. कामावर पोहोचल्यावर मेल आणि ग्रुप उघडण्यापूर्वी वही उघडावी, कालची शेवटची ओळ वाचावी आणि तीच कृती आधी करावी. मध्येच साहेबांनी दुसरीकडे पाठवले, तर त्या ओळीपुढे नवी वेळ लिहूनच जावे. माझी वही एकदा सलग आठ दिवस सकाळी उघडली गेली नव्हती. नवव्या दिवशी संध्याकाळी मी नेहमीसारखे सगळे लिहिले, आणि तरीही रात्री दीडपर्यंत जागा होतो.