जाड स्मरणिकेची पीडीएफ अडकतेय? रॅम घ्यायच्या आधी हे करून बघा

दिवाळीआधीचे दिवस. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात एका तालीम मंडळाची स्मरणिका जुळून तयार होती. 160 पानं, त्यातली निम्मी जाहिरातींची. उद्यमनगरातल्या प्रेसमधून दर अर्ध्या तासाला फोन, "प्लेटा कधी काढायच्या?" आणि इकडं पीडीएफची पट्टी पाऊण भाग सरकून ठाण मांडून बसलेली. मेमरी अपुरी असल्याचा संदेश तिसऱ्यांदा आल्यावर शेजारचा मोबाइलवाला म्हणाला, "रॅम वाढव की मर्दा." वाढवली. 8 ची 16 जीबी केली. पट्टी चार बोटं पुढं गेली आणि परत बसली.

त्या रात्री जे जे केलं ते क्रमानं सांगतो. मी पानं जुळवायला इनडिझाइन हे सॉफ्टवेअर वापरतो, पण त्याच कामाला कोरलड्रॉ किंवा स्क्रायबस वापरणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

पायरी 1: कुठं अडतंय ते शोधा

आधी फाइलची एक कॉपी बाजूला ठेवा. मग 1 ते 80 पानांची पीडीएफ काढा, नंतर 81 ते 160 ची. जो भाग अडेल त्याचे परत दोन भाग करा. असं निम्मं-निम्मं करत गेलं की 160 पानांतलं एखादं खोडकर पान जास्तीत जास्त आठ फेऱ्यांत हाताला लागतं. दिसायला वेळखाऊ वाटतं, पण पट्टीकडं बघत चहा पीत बसण्यापेक्षा लवकर होतं.

दोन्ही भाग बिनतक्रार निघाले, तर एकही पान बिघडलेलं नाही; सगळं ओझं एकदम उचलायला मशीनला जड जातंय एवढंच. प्रेसची घाई असेल तर अशा वेळी सरळ पायरी 5 वर जा.

माझ्याकडं सापडलं ते 112 वं पान. कार्यकर्त्यांचं! चाळीस कार्यकर्ते, चाळीस फोटो, प्रत्येकाच्या मागं मऊ सावली.

पायरी 2: फोटो मोजा

मंडळानं हौसेनं फोटोग्राफर लावला होता. प्रत्येक फोटो 24 मेगापिक्सेलचा, म्हणजे 4000 बाय 6000 पिक्सेल. फोल्डरमध्ये बघितलं तर जेपीजी आठ-दहा एमबीचा दिसतो, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण जेपीजी म्हणजे घडी घालून ठेवलेली साडी. उघडली की दर पिक्सेलला लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक बाइट, म्हणजे 72 एमबी. सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार रंगांत केला तर 96. नुसत्या 72 नं धरलं तरी चाळीस फोटो झाले 2,880 एमबी, जवळपास तीन जीबी. एका पानासाठी!

आणि छापायचा होता केवढा? एक इंच रुंद, दीड इंच उंच. इंचाला 300 पिक्सेलच्या हिशेबानं 300 बाय 450 पिक्सेल पुरतात. जेवढे लागतात त्याच्या सुमारे 178 पट पिक्सेल आम्ही मशीनच्या डोक्यावर ठेवले होते.

इनडिझाइनमध्ये लिंक्सच्या पॅनेलवर फोटो निवडला की खाली 'इफेक्टिव्ह पीपीआय' दिसतो, म्हणजे छापायच्या आकारात इंचाला किती पिक्सेल पडतात तो आकडा. आमचा 4000 दाखवत होता. स्क्रायबसमध्ये हाच आकडा चित्रांच्या व्यवस्थापनाच्या खिडकीत मिळतो, तर कोरलड्रॉमध्ये बिटमॅप निवडल्यावर खालच्या पट्टीवर डीपीआय दिसतो. 300 ते 450 च्या दरम्यान असेल तर हात लावू नका. हजाराच्या वर असेल तर फोटोशॉपमध्ये किंवा मोफतच्या गिंपमध्ये लहान करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि लिंक तिकडं वळवा. मूळ फोटोवर कधीही सेव्ह करू नका. तोच फोटो उद्या फ्लेक्सला मागतात. कोरलमध्ये बिटमॅप्स मेनूतलं 'रिसॅम्पल' हेच काम जागेवर करतं.

"एक्स्पोर्ट करताना 300 वर आणायचा पर्याय असतो की," असं कुणी म्हणेल. असतो, आणि तो चालूच ठेवा. पण त्यानं तयार पीडीएफ हलकी होते. लहान करायला सॉफ्टवेअरला आधी आख्खा फोटो उघडावाच लागतो, आणि आपली गाडी तिथंच अडते.

पायरी 3: सावल्या आणि कर्व्ह

सावली, धूसर कडा, पारदर्शक रंग हे सगळं पीडीएफ एक्स-1ए या छपाईसाठीच्या प्रकारात सपाट करून जातं. एकमेकांवर पडणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा हिशोब मशीनला करावा लागतो. एक्स-4 प्रकारात पारदर्शकता तशीच जाते, त्यामुळं एक्स्पोर्ट हलका होतो. मात्र प्रेसच्या सीटीपीवर, म्हणजे प्लेट काढायच्या यंत्रावर, एक्स-4 चालते का, हे आधी फोन करून विचारा.

आता आपल्याकडची जुनी खोड. "फॉन्ट बदलेल" या भीतीनं सगळ्या मजकुराला कर्व्ह मारायचे, म्हणजे अक्षरांची नुसती रेषांची चित्रं करून टाकायची. मुखपृष्ठाला, एखाद्या जाहिरातीला ठीक आहे. पण दीडशे पानांच्या मजकुराला? देवनागरीत एकेका जोडाक्षराच्या रेषेवर कितीतरी नोड, म्हणजे बिंदू, पडतात; पानभर अक्षरांचे किती होतील ते बघा. शिवाय मुद्रितशोधकानं ऐनवेळी एक वेलांटी काढली की संपलं. त्याऐवजी फॉन्ट पीडीएफमध्येच जाऊ द्या. ॲक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टच्या यादीत प्रत्येकापुढं 'एम्बेडेड' आलंय का बघा. आलं असेल तर निवांत.

पायरी 4: सी ड्राइव्हला श्वास घेऊ द्या

रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये टाकते. ती बहुधा सी ड्राइव्हवर असते. सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइलीही तिथंच पडतात. म्हणून पीडीएफ डी ड्राइव्हवर काढत असलात तरी सी भरलेला असेल तर काम अडतं, आणि संदेश मेमरीचा येतो. मी सीवर निदान 30 जीबी मोकळी ठेवतो.

सगळे प्रोग्रॅम बंद करा, विंडोजचं बटण आणि आर दाबा, इंग्रजीत टेम्प हा शब्द आगेमागे टक्क्याची खूण लावून टाइप करा. उघडलेल्या फोल्डरमधलं सगळं काढून टाका. जे वापरात आहे ते जाणार नाही, ते सोडून द्या. तात्पुरत्या फाइली ठेवायची जागा, म्हणजे फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क प्रेफरन्सेसमधून, कोरलची स्वॅप डिस्क ऑप्शन्समधल्या मेमरीत जाऊन दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येते. ती एसएसडी असेल तर उत्तम. पेजफाइल मात्र विंडोजच्या स्वाधीन राहू द्या. कुणाचा व्हिडिओ बघून बंद केली असेल तर परत चालू करा.

अजून पेजमेकर 7 वर काम करणारे आपल्यात बरेच आहेत. ते 2001 चं, 32 बिटचं सॉफ्टवेअर. त्याला स्वतःपुरती 2 जीबीच मिळते, मशीनमध्ये 32 जीबी रॅम घातली तरी. तिथं रॅमवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

पायरी 5: फर्म्या-फर्म्यानं काढा

इनडिझाइन साधं सेव्ह करताना बदल मागं जोडत जातं, म्हणून महिनाभर हाताळलेली फाइल फुगते. एक्स्पोर्टआधी 'सेव्ह ॲज' करून नव्या नावानं ठेवा. मग मशीन रीस्टार्ट करा आणि फक्त तेवढीच फाइल उघडा. ब्राउझर आणि त्यातलं व्हॉट्सॲप बंद. गिऱ्हाईक दहा मिनिटं थांबतं.

आता 16 पानांचा एक फर्मा, एक पीडीएफ: 1 ते 16, 17 ते 32, असे दहा फर्मे. सुरुवातीच्या पानांना वेगळे आकडे दिले असतील तर इनडिझाइनमध्ये आकड्याआधी अधिकची खूण टाका, म्हणजे ते फाइलमधलं खरं पान धरतं. नावं 01, 02 अशी द्या, नाहीतर काही मशीनवर 10 नंबरचा फर्मा 2 च्या आधी जाऊन बसतो. प्रेसला एकच फाइल हवी असेल तर मोफतचं पीडीएफसॅम जोडून देतं. जोडलेली फाइल थोडी जाड होते, कारण प्रत्येक तुकड्यातले फॉन्ट सोबत येतात.

एक्स्पोर्ट नेहमी मशीनच्याच डिस्कवर करा, पेन ड्राइव्हवर नंतर कॉपी करा. पेन ड्राइव्ह फॅट32 या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, कितीही रिकामा असला तरी. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलात की बसते. फॉरमॅटनं आतलं सगळं जातं, एवढं ध्यानात ठेवा. आणि यूपीएसची बॅटरी आधी बघा. नवव्या फर्म्याला लाइट गेल्याचा अनुभव मी घेतलाय.

शेवटी प्रत्येक पीडीएफ उघडून 16 पानं मोजा आणि बदललेले फोटो 400 टक्क्यांवर बघा. आमचं 112 वं पान सातव्या फर्म्याचं शेवटचं. चाळीस फोटो मिळून 16 एमबीत बसले होते, आणि तो फर्मा निघाला तेव्हा मागवलेला चहा अजून गरम होता.